ऑइल पेंटचे ब्रश आणि हत्यारं कशी धुवायची: थोडं टर्पेंटाइन, तीन डबे आणि योग्य वेळ

पाऊस उघडला की नाशिकमध्ये रंगकामाची घाई सुरू होते. नवरात्र ते दिवाळी या दिवसांत सिडकोतल्या रो-हाउसची ग्रिलं, पंचवटीतल्या वाड्यांचे दरवाजे, दुकानांची शटरं, सगळ्यांनाच एकदम रंगाचा हात हवा असतो. त्यात २०२७ चा सिंहस्थ, म्हणजे लॉज आणि धर्मशाळाही आल्या. भिंतींना आता पाण्यात मिसळणारे रंग लागतात, पण लोखंड आणि लाकूड म्हटलं की बहुतेक जण अजून ऑइल पेंटच आणतात. शेड कोणती, हात किती मारायचे, अस्तर लावायचं का, याची चौकशी दुकानात सगळे करतात. काम संपल्यावर ब्रशचं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. थिनरच्या डब्यात ब्रश उभा करून लोक झोपायला जातात आणि सकाळी केस एका बाजूला वाकलेले, बुडाशी रंगाचा गाळ, असा ब्रश हाती येतो. तो टाकून नवा आणतात आणि डब्यातलं मळकं थिनर मोरीत ओततात.

या दोन्ही गोष्टी टाळता येतात. वीसेक मिनिटं आणि तीनशेक मिली टर्पेंटाइन एवढ्यात चांगला ब्रश पुन्हा कामाला तयार होतो आणि नीट जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. वापरलेल्या, नीट धुतलेल्या ब्रशचे सुटे केस आधीच गळून गेलेले असतात, टोकं मऊ झालेली असतात. दरवाजाच्या शेवटच्या हाताला असाच ब्रश घ्यावा, नवा कोरा नव्हे.

घाई का करायची

डिस्टेंपर किंवा इमल्शनमधलं पाणी उडून जातं आणि रंग बसतो. ऑइल पेंटचं वाळणं दोन टप्प्यांत होतं. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं आणि रंग हाताला चिकट लागायला लागतो. मग उरलेलं तेल आणि रेझिन हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक जाळं तयार होतं. पहिल्या टप्प्यात टर्पेंटाइन घातलं की रंग पुन्हा पातळ होतो. दुसरा टप्पा सुरू झाला की तेच टर्पेंटाइन कितीही ओता, जाळं सुटत नाही. संध्याकाळी जे काम थोड्या टर्पेंटाइनमध्ये झालं असतं, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी पेंट रिमूव्हर लागतो तो यामुळेच.

एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा गच्चीवर काम करताना ब्रशच्या कडा अर्ध्या तासात चिकट होऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रंग दाट होतो आणि वाळायला वेळ घेतो, त्यामुळे धुवायला जरा सवड मिळते. तरीही चहा प्यायचा तो ब्रश धुवून मगच, हा नियम बाराही महिने पाळावा.

आधी सामान जमवा

रंगाचा डबा उघडण्याआधीच धुण्याचं सामान हाताशी ठेवा. तीन रिकामे पत्र्याचे किंवा स्टीलचे डबे, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, सुती चिंध्या, दाते मजबूत असलेला जुना कंगवा, भांडी घासायचं लिक्विड आणि नायट्राइलचे हातमोजे. भांडी घासताना वापरतात ते साधे रबरी मोजे टर्पेंटाइनमध्ये फुगतात, ते नकोत. प्लास्टिकचे आणि थर्माकोलचे कप तर बिलकुल नकोत. कडक थिनरमध्ये ते विरघळतात आणि तो चिकटा ब्रशला बसतो.

धुवायला काय वापरायचं, यावर दुकानागणिक वेगळा सल्ला मिळतो. इनॅमल (म्हणजे हाच ऑइल पेंट) आणि ऑइल प्रायमरसाठी मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे दुकानदार ज्याला एमटीओ म्हणतात ते, पुरेसं आणि योग्य आहे. रॉकेलनेही रंग सुटतो, पण त्याचा तेलकटपणा केसांत राहतो आणि पुढच्या वेळी रंग वाळायला उशीर होतो. रॉकेल वापरलंच तर शेवटचा हात टर्पेंटाइनचा द्या. डिझेलचं तेच. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, थिनर लॅकरसाठी असतं. ते फार जहाल आहे, ब्रशच्या मुळाशी केस धरून ठेवणारा डिंक सैल करतं आणि त्याची वाफ पटकन पेट घेते. ओल्या इनॅमलसाठी त्याची गरजच नाही. पेट्रोलने ब्रश धुणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की तसं करू नका. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीने भडकते. मिनरल टर्पेंटाइनची वाफ साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेण्याइतकी जमते, म्हणजे नाशिकच्या उन्हाळी दुपारी तेही निर्धोक नसतंच.

म्हणून जागा नीट निवडा. गच्ची, अंगण किंवा वारा खेळता असलेली गॅलरी. बाथरूममध्ये ब्रश धुणं सोयीचं वाटतं, पण बऱ्याच घरांत तिथे किंवा बाहेरच्या गॅलरीतच गॅस गिझर असतो. नळ सोडला की तो आपोआप पेटतो. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ज्योत शोधते. गिझरचा गॅस आधी बंद करा. देवघरातली समई, डासांची कॉइल, बिडी-सिगारेट, सगळं लांब.

ब्रश धुण्याची रीत

धुणं खरं तर रंगवायच्या आधीच सुरू होतं. कोरडा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकून घ्या. पत्र्याच्या पट्टीखाली केसांच्या मुळाशी जी पोकळी असते, तिथे टर्पेंटाइन शिरलं की रंग सहज वर चढत नाही. रंगवताना केस एक तृतीयांशापेक्षा जास्त बुडवू नका. ब्रश खराब होतो तो मुळाशी. टोकं कितीही स्वच्छ दिसली तरी पट्टीलगत रंग घट्ट बसला की केस फाकतात आणि रेघ सरळ येत नाही.

काम संपलं की ब्रश डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी दाबून निथळा. हा रंग परत डब्यात जाऊ द्या, तो पैसाच आहे. मग वर्तमानपत्राच्या चार घड्यांवर ब्रश ठेवा, पट्टीपासून टोकाकडे पुठ्ठ्याच्या कडेने दाबत न्या. कागद बदला, पुन्हा दाबा. कागदावर पुसट पट्टा उमटेपर्यंत हे करा. टर्पेंटाइनला हात लावायच्या आधी निम्म्याहून जास्त रंग असाच निघून जातो. लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग लिटरभर थिनर संपवतात.

आता तीन डबे. प्रत्येकात साधारण १०० मिली टर्पेंटाइन. तीनशे मिली एकाच डब्यात का नको, ते समजून घ्या, कारण सगळी बचत इथे आहे. दाबून निथळल्यावरही ब्रशमध्ये समजा १० मिली रंग राहतो. १०० मिली टर्पेंटाइनमध्ये तो ढवळला की रंगाचं प्रमाण अकरा पटीने कमी होतं. ब्रश पिळून दुसऱ्या डब्यात घातला की आणखी अकरा पटीने, तिसऱ्यात पुन्हा तितकंच. शेवटी ब्रशमध्ये मूळ रंगाचा १३३१ वा भाग उरतो. तेच ३०० मिली एकदम घेऊन एकदाच धुतलं तर ३१ वा भाग राहतो. टर्पेंटाइन तेवढंच, फरक चाळीस पटींहून जास्त. प्रत्यक्षात मिश्रण इतकं एकसारखं होत नाही, पण हिशोबाची दिशा हीच राहते.

पहिल्या डब्यात ब्रश तळाशी हलकेच दाबा, जरा फिरवा, पुन्हा दाबा, म्हणजे केस उघडतात आणि टर्पेंटाइन मुळापर्यंत जातं. जोराने खुपसू नका. बाहेर काढून केस मुळापासून टोकाकडे मोज्यातल्या बोटांनी पिळा. मग कंगवा पट्टीला टेकवून खाली ओढा. या वेळी दातांमध्ये घट्ट, जेलीसारखे कण अडकलेले दिसतील. तेच ब्रशचा घात करतात. कंगवा चिंधीने पुसत पुसत दोन्ही बाजूंनी आणि कडांनी फिरवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यातही हेच करा. तिसऱ्यातून काढलेला ब्रश पांढऱ्या कागदावर मुळाशी दाबून बघा. डाग पाण्यासारखा दिसला तर झालं. रंगाची छटा उमटली तर पहिल्या डब्यातलं बाजूला काढून ठेवा, त्यात नवं पन्नासेक मिली घ्या आणि एक हात आणखी द्या. काळा, गडद निळा आणि रेड ऑक्साइड या तिघांना हा जादा हात बहुतेक वेळा लागतोच.

उरलेलं टर्पेंटाइन काढायला ब्रशचा दांडा दोन्ही तळहातांत धरून ताक घुसळताना रवी फिरवतात तसा फिरवा. हे रिकाम्या मोठ्या बादलीच्या आत करा, नाहीतर भिंतीवर नक्षी उमटेल.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा ऑइल पेंटच लावायचा असेल तर इथे थांबलं तरी चालतं. ब्रश बरेच दिवस ठेवायचा असेल तर साबण हवाच, कारण टर्पेंटाइन उडून गेलं तरी त्यातल्या रेझिनचा पातळ थर केसांवर राहतो आणि नंतर तोच कडक होतो. तळहातावर भांड्यांचं लिक्विड घ्या, त्यात ब्रश चोळा, फेस करा, कोमट पाण्याने धुवा. फेस पांढरा येईपर्यंत दोन-तीनदा. डुकराच्या केसांचे ब्रश, जे ऑइल पेंटला सगळ्यांत चांगले, ते पाण्यात भिजत मात्र ठेवू नका. केस पाणी पिऊन फुलतात आणि लाकडी दांडाही फुगतो. धुवा आणि लगेच झटका.

शेवटी केस कंगव्याने सरळ करा, टोकाला मूळ आकार द्या आणि वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दोऱ्याने सैल बांधा. टोकं खाली करून टांगा किंवा आडवा ठेवा. एखाद-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. केसांत पाण्याचा ओलावा असताना ऑइल पेंटमध्ये बुडवलात तर रंगावर डाग येतात.

जेवणाची सुट्टी आणि रात्रीचा मुक्काम

तासाभरासाठी ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट गुंडाळला की पुरे. रात्रभरासाठी जुन्या पेंटरांची युक्ती फार चांगली आहे: ब्रश साध्या पाण्यात लटकवून ठेवायचा. ऑइल पेंट पाण्यात मिसळत नाही आणि पाण्याखाली हवेतला ऑक्सिजन जवळपास पोचत नाही, त्यामुळे वाळण्याचा दुसरा टप्पा रखडतो. दांड्याच्या भोकातून तार ओवून ती डब्याच्या तोंडावर आडवी ठेवा, केस पट्टीपर्यंत बुडू द्या, टोकं तळाला टेकू देऊ नका. सकाळी पाणी पूर्ण झटका, कागदावर दाबा, टर्पेंटाइनमध्ये एकदा बुडवून निथळा आणि कामाला लागा. ही सोय एखाद्या रात्रीपुरती समजावी, कारण पत्र्याला गंज धरतो.

वाळून कडक झालेला ब्रश

दोन-तीन दिवसांपूर्वी वाळलेला ब्रश वाचू शकतो, वर्षभर माळ्यावर पडलेला बहुधा नाही. दहा-वीस रुपयांच्या ब्रशसाठी पेंट रिमूव्हर आणण्यात अर्थ नाही, तो जुनी पुट्टी झाडायला किंवा गंज निघालेल्या ग्रिलवरची धूळ काढायला ठेवा. चांगला रुंद ब्रश असेल तर उघड्यावर, मोजे आणि चष्मा घालून, फक्त केस रिमूव्हरमध्ये बुडतील असा लटकवा. तासा-तासाने काढून लोखंडी तारेच्या ब्रशने मुळापासून टोकाकडे ओढा. पट्टी रिमूव्हरमध्ये बुडाली तर आतला डिंक सुटेल आणि केसांचा झुपका हातात येईल. रंग निघाला की टर्पेंटाइन आणि मग साबण.

कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ब्रश घालायचा सल्लाही कुणीतरी देतंच. कॉस्टिक रंग खातं हे खरं, पण प्राण्यांचे केसही खातं. हॉगहेअरचा, म्हणजे डुकराच्या केसांचा, ब्रश त्यात विरघळायला लागतो. ॲल्युमिनिअमच्या ट्रेवर ते घातलं तर हायड्रोजन वायू सुटतो. जे काम टर्पेंटाइनने होतं तिथे कॉस्टिक घरात आणूच नये.

रोलर, पट्टी, स्प्रे गन

ऑइल पेंटचा रोलर धुण्यात मला तरी फायदा दिसत नाही. कापडी रोलर पाऊण लिटर टर्पेंटाइन पितो आणि तरी आत चिकट राहतो. दरवाजा किंवा शटरसाठी चार इंची फोमचा छोटा रोलर घ्या, काम चालू असेपर्यंत पिशवीत गुंडाळून ठेवा, शेवटी कागदावर लोळवून उघड्यावर वाळवा आणि टाका. दांडा आणि तार मात्र ओली असतानाच पुसून ठेवा.

लांबी भरायची पट्टी, खुरचणी, रंगाचा ट्रे यांना ओलेपणी टर्पेंटाइनची एक चिंधी पुरते. वाळलेला थर दुसऱ्या पट्टीच्या धारेने खरवडून निघतो. नाशिकचा पावसाळा लांबतो, म्हणून ठेवताना पोलादी पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. जुन्या ग्रिलवरचा रंग खरवडलेली हत्यारं झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यांत घातक.

स्प्रे गनला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. आधी हवेचा पाइप काढून दाब सोडा. कपातला रंग परत डब्यात ओता, कपात दोन बोटं टर्पेंटाइन घाला, हलवा, ओता. पुन्हा स्वच्छ टर्पेंटाइन घाला, पाइप जोडा आणि ते रिकाम्या डब्यातल्या चिंधीवर, मोकळ्या हवेत, कमी दाबाने फवारा. फवारा पारदर्शक झाला की पुन्हा हवा बंद करून पुढची टोपी, नोझल आणि सुई काढा. टोपीची बारीक भोकं टूथपिकने किंवा मऊ ब्रशने मोकळी करा. सुई, टाचणी, तार काहीही नको, भोकाला ओरखडा गेला की फवाऱ्याचा पंखा कायमचा वाकडा होतो. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवली तर आतले वॉशर फुगतात आणि पुढच्या वेळी गन ठिबकते. सुईच्या पॅकिंगला तेलाचा एक थेंब देऊन जोडा.

चिंध्यांचा ढीग करू नका

हा भाग घाईत वाचू नये. ऑइल पेंट, आणि त्याहून जास्त जवसाचं तेल, ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. दरवाजावर ती उष्णता हवेत निघून जाते. चिंध्यांच्या बोळ्यात ती अडकते, आतलं तापमान चढत जातं आणि काडी न लावता काही तासांत चिंध्या पेट घेऊ शकतात. जुन्या नाशकात सागवानी वाडे आहेत, त्यांच्या दारांना आणि खांबांना तेल-पॉलिश करताना पुसलेली फडकी जिन्याखाली कोंबून ठेवली जातात. असं अजिबात होऊ देऊ नका. चिंध्या एकेक सुट्या करून उघड्यावर दोरीवर किंवा कंपाउंडच्या जाळीवर टाका. कडक झाल्या की धोका संपला. पसरायला जागा नसेल तर पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

वापरलेलं टर्पेंटाइन

तिन्ही डब्यांतलं मळकं टर्पेंटाइन एका काचेच्या रुंद बरणीत ओता, झाकण घट्ट लावा आणि हलवू नका. काही दिवसांत रंगद्रव्य तळाशी बसतं आणि वर चहाच्या रंगाचं टर्पेंटाइन दिसू लागतं. ते अलगद दुसऱ्या बरणीत काढा. पुढच्या वेळी पहिल्या आणि दुसऱ्या डब्याला हेच वापरा, फक्त तिसऱ्याला ताजं. म्हणजे प्रत्येक खेपेला नवं टर्पेंटाइन शंभर मिलीच लागतं.

खाली उरलेला गाळ वाळू किंवा कोरड्या मातीत मिसळून पसरट डब्यात, पोरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर, उघड्यावर वाळू द्या. लाकडाचा भुसा वापरू नका, तो चिंध्यांसारखाच तापतो. घट्ट झालेला गोळा आणि रंगाचे डबे ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घंटागाडीवर वेगळे द्या आणि ते काय आहे हे तिथल्या माणसाला तोंडाने सांगा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरलेले होते.

मोरीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात टर्पेंटाइन ओतायचं नाही. पावसाळी गटारातलं पाणी शुद्ध न होता नाल्यातून नासर्डीत, वाघाडीत जातं. वाघाडी पंचवटीत आणि नासर्डी टाकळीला गोदावरीला मिळते. मलवाहिनीत गेलं तर तपोवनातल्या केंद्रासारख्या ठिकाणी सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना ते मारक ठरतं. ज्या नदीत आपण आचमन करतो तिच्यासाठी एक बरणी सांभाळणं अवघड नाही.

बरणीवर ठळक अक्षरांत ‘टर्पेंटाइन, विष’ असं लिहून ती उंचावर ठेवा. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ते कधीही भरू नका. मुलाने चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरलं की जास्त इजा करतं. बाटली सोबत घेऊन तडक सिव्हिलला किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा.

हात कसे धुवायचे

मोजे घालूनही मनगटाला रंग लागतोच. त्यावर टर्पेंटाइन चोळू नका, ते कातडीतलं तेल ओढून घेतं, हात फुटतात. स्वयंपाकघरातलं गोडेतेल किंवा खोबरेल चमचाभर घ्या आणि कोरड्या हातांवर चोळा. पाणी आधी लावू नका. मिनिटभरात रंग सुटून तेलात येतो. चिंधीने पुसा, मग चिमूटभर साखर किंवा बेसन घेऊन पुन्हा चोळा आणि साबणाने धुवा. नखांच्या कडेला राहिलेल्या रंगावर रात्री झोपताना खोबरेल लावून ठेवा, सकाळी तो नखानेच निघतो.